एक आणि नऊ

बारावीचा निकाल प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी छातीशी,
दापोलीच्या एसटी स्टँडपासून सुरुवात केली मी.
आधी मेडिकल, मग मोबाईलचं दुकान, मग झेरॉक्स.
झेरॉक्सवाल्याने निकालाच्या पाच प्रती काढल्या,
दहा रुपये घेतले,
आणि मग म्हणाला, माणूस आहे आमच्याकडे.

कर्द्याच्या रिसॉर्टवर तर फॉर्मच होता.
नाव: करुणा दामोदर पालशेतकर.
वय: सतरा पूर्ण.
अनुभव: आणि पुढे एक लांब रेघ, मोकळी,
ओहोटीच्या वाळूसारखी.
मी पेन टेकवलं, उचललं.
मॅनेजरबाई वाईट नव्हत्या.
पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं,
म्हणाल्या, सहा महिने कुठेतरी काम कर, मग ये.
कुठेतरी म्हणजे कुठे
ते फॉर्मवर नव्हतं.
फॉर्म मी परत दिलाच नाही, घडी घालून आणला.

आई म्हणाली, बंदर सोडून कुठेही.
वीस वर्षं पाटी तिच्या डोक्यावर,
केसांना भोवऱ्यापाशी टक्कल.
पण हर्णैला फकीरभाई होडेकरांच्या लिहिणाऱ्याचं,
बाळाराम आण्णांचं,
मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं
हे मला सांगितलंही तिनेच,
भांडी घासता घासता,
माझ्याकडे न बघता.

फकीरभाईंनी निकाल बघितला नाही.
म्हणाले, आत ठेव, भिजेल.
वही पुढे सरकवली.
"एक काढ. आता नऊ काढ."
काढले.
त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली.
"एकाच आईचे दिसतात. चालेल.
उद्या चारला ये."

चारला बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात असतात.
टोपल्या वाळूवर रित्या होतात,
ढिगाभोवती माणसं दाटतात,
कोणी बोटाने बोलतो, कोणी भुवईने,
आकडा हवेत असतो तेवढाच वेळ असतो.
हलवा, बाराशे, जयगडवाला.
कोळंबी, चार हजार, नाही, साडेचार,
नाही, थांब,
माझं पेन अजून बाराशेच्या दुसऱ्या शून्यावर.
कुणीतरी बर्फ फोडतं, खडा येऊन वहीवर वितळतो,
जयगडवाला निळा होऊन पसरतो.

तिसऱ्या दिवशी सुरमईची टोपली गेली एकोणीसशेला.
रात्री हिशेबाला बसलो तर वहीत अकराशे.
माझ्याच अक्षरात.
नवाला एक वळसा जास्त लागतो,
तो घाईत राहून गेला होता,
आणि घेणारा वहीवर बोट ठेवून
अकराशे मोजून कधीच निघून गेला होता.

आठशे.
मी पिशवी उचलली. अंधारात चपला सापडेनात.
फकीरभाई बशीत चहा ओतत होते.
"कुठे निघालीस?
आठशे रुपयांचा अनुभव दिलाय तुला,
तो घेऊन दुसऱ्याकडे जाणार?
बस.
दर हप्त्याला दोनशे कापीन."

हसले नाहीत.
कापले मात्र बरोबर, चार हप्ते.
पहिल्या हप्त्याच्या नोटा ओल्या निघाल्या.
आईने नाकाशी नेल्या, काही बोलली नाही,
चुलीमागच्या भिंतीला एकेक चिकटवली, वाळायला.

आण्णांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली म्हणतात.
ते परत आले की माझं काय,
हे फकीरभाईंनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

रात्री त्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
नऊ काढत बसते.
ओळीने नऊ, वळसा दाबून दाबून.
कागद पातळ आहे, शाई पलीकडे जाते.
काल उलटून बघितला तर
अनुभवच्या रेघेवर
उलटे नऊ उमटलेत,
कुणाला वाचता येणार नाहीत असे.