आता पाकळ्या पडतील

कंपूतल्या माझ्या खोलीत रात्री साडेनऊला
बहिणीचा कैवल्य लॅपटॉप उघडतो आणि बजावतो,
"मावशी, चष्मा लाव. खालची अक्षरं पटकन जातात."
एजी ऑफिसात तेहतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.
पटकन जाणारं वाचायची मला सवय आहे.

वर्गात नवा मुलगा येतो.
बसणार खिडकीशी, शेवटून दुसऱ्या बाकावर.
बसतो.
केस पांढरे, म्हणजे अंगात काहीतरी भयंकर दडलेलं.
कुणी चष्मा वर सरकवला, काचा चमकल्या,
म्हणजे याला सगळं आधीच माहीत.
आणि वेणी एका खांद्यावरून पुढे घेतलेली आई दिसली
की कैवल्य हळूच म्हणतो, "ये तो गई."
जाते. पाचव्या भागाच्या आत.

ओजस्विनी दारात उभी, ओल्या केसांना टॉवेल.
"तेच तेच. साचा एकच,
गणपती फक्त रंगवायचे वेगळे.
आता कोण बघतं असलं?"

तिचं अगदीच खोटं नाही.
मागच्या महिन्यात एक मालिका आम्ही चौथ्या भागात सोडली.
तिच्यातही बाक होता, पांढरे केस होते, वेणी होती,
पण सगळं तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं.
नायक रडायला लागला तेव्हा कैवल्यने पुढे सरकवलं,
तर तो थेट हसतानाच सापडला.
आमचं काहीच चुकलं नव्हतं.

ही मात्र धरून ठेवते. का, ते नीट सांगता येत नाही.
हिच्यातली आई, जायच्या आधी,
डब्यातल्या भाताचा एक कोपरा चमच्याने दाबते,
झाकण लावते,
पुन्हा उघडते, पुन्हा दाबते.
कथेचं त्यावाचून काही अडलं नसतं.
कुणीतरी तिकडे, कुठल्याशा टेबलावर वाकून,
त्या चमच्यासाठी अख्खा दिवस घालवला असेल.

मंगळवारी शेवटचा सामना.
नायक गुडघ्यावर. त्याचा वैरी पाठ फिरवून उभा.
आणि लाईट गेली.
पडद्यावर ते गोल चाक फिरत राहिलं.
सगळं लश्कर काळं, वर किल्ल्यावर तेवढा उजेड.

"आता?" मी विचारलं.
"आता त्याला लहानपण आठवणार," कैवल्य अंधारात म्हणाला.
"मग तो डबा दिसेल. मग उठेल,
आपल्या डावाचं नाव ओरडेल.
नाव ओरडल्याशिवाय डाव लागतच नाही, मावशी.
आणि तो पाठ फिरवलेला येईल मदतीला,
वर म्हणेल, तुझ्यासाठी नाही आलो."

पलीकडे दातारांच्या गच्चीवर
त्यांच्या नातवाचा रियाज अंधारातही चालूच होता.
विलंबित एकताल.
सम कुठे पडणार, मला चांगलं ठाऊक.
पडली तेव्हा मान हललीच.

कैवल्य थांबला. पाणी प्यायला असावा.
दारातून, टॉवेलच्या आतून, आवाज आला,
"मग?"

सव्वादहाला लाईट आली.
सगळं त्याने सांगितलं तसंच झालं,
आठवण, आरोळी, ते एक वाक्यसुद्धा.
फक्त डबा या वेळी बापाने भरलेला होता.
भाताचा ढीग वर आलेला, झाकण बसत नव्हतं,
बाप ते तळहाताने दाबत होता,
आणि कोपऱ्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
कैवल्य काही बोलला नाही.

ओजस्विनी कधी खाली येऊन बसली, कळलं नाही.
टॉवेल मांडीवर, केस ओले तसेच.
"आता पाकळ्या पडतील," ती म्हणाली.

पडल्या.