मुदतीचा ताप

रात्री अडीचला यंत्राने शिटी दिली,
म्हणजे बाटलीतलं रक्त बोलायला लागलं.
वैजनाथ ढेंबरे, वय तेवीस, राहणार नवी पेठ,
आधी हिंगोली लिहून खोडलेलं.

दोन दिवसांनी सकाळी प्लेट उघडली.
आगरवर जंतूंची साय धरलेली,
तीत मी ठेवलेल्या पाच चकत्या,
पंचिंग मशीनमधून पडतात तेवढ्या.
औषध चाललं तर चकतीभोवती खळं पडतं,
चंद्राला पडतं तसं.
गावाकडे खळं बघून पाऊस सांगतात.
मी माणूस सांगते.

अँपिसिलिनची आशा नव्हतीच.
सिप्रो: साय थेट चकतीला चिकटलेली.
सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, ज्याच्यावर सगळा वॉर्ड विसंबलाय: तेच.
अ‍ॅझिथ्रोला खळं आहे. पट्टी ठेवली. बारा मिलिमीटर.
तेरा लागतात.
खिडकीशी नेऊन पुन्हा मोजलं,
एक डोळा मिटून, पट्टी जरा तिरकी धरूनसुद्धा
बाराच.

मग क्लोरॅमफेनिकॉल,
जी चकती मी निव्वळ सवयीने ठेवते,
जुन्या साहेबांच्या यादीत होती म्हणून.
तिच्याभोवती केवढं मोठं अंगण!
कित्येक वर्षं कुणी लिहूनच दिली नाही,
जंतू तिला विसरून गेले.
आपणही. लक्ष्मी रोडपासून कात्रजपर्यंत
अकरा मेडिकलवाल्यांना फोन केले.
एकाने विचारलं, डोळ्यांचे ड्रॉप का?

खिडकीवर त्याचा रूममेट, सुदाम.
काखेत चालू घडामोडींचं मासिक.
"मॅडम, गोळ्या घेतल्या होत्या त्याने. पाचचं पाकीट.
तीन खाल्ल्या, ताप उतरला, पूर्वपरीक्षा होती.
दोन वाया कशाला घालवायच्या,
माझा घसा धरला होता, मी खाल्ल्या."
काटकसर सांगावी तसं सांगितलं त्याने.
त्यांच्या मेसमध्ये ताट ऐंशीला, पाणी गच्चीवरच्या टाकीचं.
टाकी शेवटची कधी धुतली,
हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

"बरा कधी होईल? पंधरा तारखेला
मुख्य परीक्षेच्या फॉर्मची मुदत आहे."

मुदत.
गोळ्या यायच्या आधी या तापाचं नावच ते,
मुदतीचा ताप. एकवीस दिवस उशाशी बसायचं,
भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढायच्या,
आणि बाविसाव्या दिवशी काय ते कळायचं.
मग नाव जुनं झालं. मी शाळेत विषमज्वर शिकले,
आता टायफॉइड टाइप करते
आणि औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक
आर. आर. आर. आर.

"एक औषध आहे," म्हणाले. "शोधतोय."
शोधतोय, हे खरं होतं.

कॉरिडॉरमध्ये कूलर, ग्लास साखळीने बांधलेला.
सुदामने तो तोंडाला लावायच्या आत
खिडकीच्या फटीतून माझी बाटली पुढे केली.
उकळलेलं आहे, म्हणाले.
उकळलं होतं. पण किती वेळ?
काल गॅस संपत आला होता.