रनिंग अवर्स

सूरच्या किनाऱ्यावर, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात
रात्रपाळीचं रजिस्टर माझ्याकडे असतं.
पंप एक, रनिंग. पंप दोन, रनिंग.
तीन बंद. सील गेलंय.

पहिल्या आठवड्यात मी लिहिलं होतं,
पंप इज वॉकिंग.
बेनिग्नो सुपरवायझर इतका हसला
की चहा सांडला डिझेलच्या पावत्यांवर.
हसण्यासारखं काय, मला कळेना.
आमच्याकडे पंप चालतो.
घड्याळ चालतं, दुकान चालतं, कोर्टात केस चालते,
आणि चहात साखर कमी पडली
तरी चालतं.

इंग्रजीत सगळं धावतं.
नळ धावतो. नाक धावतं.
निवडणुकीला आपण उभे राहतो, तिथेही काही जण धावतात.
धुतलेल्या डांगरीचा निळा रंग बनियनला लागला
तर तोही धावला म्हणे.
शिकलो हळूहळू.
पाण्याशिवाय पंप धावू द्यायचा नाही, बेनिग्नो सांगायचा,
कोरडा धावला की जळतो.

मार्चमध्ये यादय्या ड्यूटीवर आला नाही.
खोलीत चटई गुंडाळलेली,
डब्यात भिजत घातलेली तूरडाळ, फुगून वर आलेली.
मी लिहिलं, ॲबसेंट.
बेनिग्नोने ते खोडलं, स्वतःच्या पेनाने लिहिलं,
रन अवे.
पंप चारच्या बरोबर खाली. तोच शब्द.

यादय्याला धावताना मी कधी पाहिलं नाही.
गुडघा अधू. जिना चढताना कठडा धरायचा,
मध्येच थांबून जगतियालच्या आंब्यांचं काहीतरी सांगायचा,
दम लागल्याचं कळू नये म्हणून.
चालतच गेला असणार,
होड्या ओढून ठेवतात त्या बाजूने, चपला हातात घेऊन.

पळ काढला, म्हणतो आपण.
पंचांगातला पळ, चोवीस सेकंदांचा.
तीन वर्षांतून तेवढा एक
काढला त्याने.
पासपोर्ट अजून ऑफिसच्या कपाटात आहे.

पंपाचे तास मोजतात इथे.
आठ हजार भरले की उघडतात त्याला,
बेअरिंग बदलतात, आतून पुसतात मऊ फडक्याने.

पहाटे शालनचा फोन.
कसं चाललंय?
मी गेजकडे बघतो. सुई सहावर.
चाललंय, म्हणतो.
धाकट्याचं नाक वाहतंय दोन दिवस, ती म्हणते,
आणि ऐका ना, फीचं

पंप चारचा आवाज बदललाय.
फोन चालू ठेवूनच
मी धावतो.