तिसरा निसटतो

आरसी बुकात तेराशे सीसी,
बॉनेटखाली सोळाशे.
म्हणजे गाडी विकायची तर आधी खरं बोलावं लागतं,
आणि खरं ऐकून तिघांनी फोन ठेवून दिला.

चौथा आला. प्रणित मोगल, पिंपळगाव बसवंत.
माझ्या एस्टीमपेक्षा चार वर्षांनी लहान.
बुटांना बागेतली माती तशीच.
चावी मागितली नाही त्यानं,
आधी पाठीवर झोपून खालून पाहिलं.
मला तिथंच बरं वाटलं. जरा वाईटही.

रंग कुठला, म्हणाला.
म्हटलं, शरद सीडलेस.
हसला. घरी चार एकर आहे म्हणे त्याचीच.
दगू आहेर आणि मी सातपूरच्या शेडमध्ये
समोर एक घड टांगून
सात वेळा तो रंग मिसळला होता,
आठव्या वेळेपर्यंत घड आम्हीच संपवलेला,
शेवटची छटा आठवणीनं लावली.
हे त्याला नाही सांगितलं.
बाकी सगळं सांगितलं.

स्प्रिंगा कापल्यात,
म्हणून शहरातला एकेक गतिरोधक मला चेहऱ्यानं ओळखतो.
पेट्रोलचा काटा अर्ध्यावर बसतो रुसून,
तिथून पुढं आपला अंदाज.
उजवी काच तळव्यानं वर ढकलायची.
पेठ रोडला पासिंगला नेशील तेव्हा
सकाळी लवकर ने,
साहेबांचा चहा व्हायच्या आत नको, झाल्यावर.
आणि तिसरा निसटतो.
चढाला पाय दाबला की दांडी आपसूक न्यूट्रलला येते.
"मग?"
मग कुणीतरी धरून बसायचं.

तो म्हणाला, काका, मला ही मूळ हवीय.
कंपनीतून निघाली तशी.
पांढरी. तेराशेची. उंच.
ओरिजिनल बंपर आहे का?

आहे.
माळ्यावर आहे, २००४ च्या पेपरात गुंडाळलेला.
बंपर, चारही स्प्रिंगा, कार्ब्युरेटर नव्हे पण
एअर फिल्टरचा डबा, स्टिअरिंग,
इंजिनसुद्धा, ग्रीस फासून, गोणपाटात.
काढलेलं एकही फेकलं नाही मी.
एकवीस वर्षं लोकांना सांगत आलो,
गाडी कशी असावी ते मला नक्की कळलंय,
आणि वर माळ्यावर
परत फिरायची सगळी सोय करून ठेवलेली.

एक लाख दहा, म्हणाला. सुट्या भागांसकट.
उद्या सांगतो, म्हटलं.

रात्री खर्चाची वही काढली.
शेवटची नोंद: क्लच प्लेट, दगूची मजुरी बाकी.
पुढं लिहिलं नाही,
लिहिलं असतं तर बेरीज करावी लागली असती.
दगू आता अंबडला एका शोरूममध्ये
गणवेश घालून फक्त ऑइल बदलतो.
त्याला फोन लावला. म्हणाला, दे.
मग बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, इंजिन नको देऊ.

शैलाला विचारायची सोयच नव्हती.
तिचं उत्तर तिनं २००९ मध्ये दिलंय,
दर दिवाळीला नव्यानं देते:
ही गाडी आहे की माझी सवत आहे, तेवढं एकदा ठरव.

रविवारी मेव्हण्याच्या नव्या गाडीतून
त्र्यंबकला निघालो. ऑटोमॅटिक.
मी मागं. शैला पुढं, भावाशेजारी,
गारेगार, खूश,
अशी हवी गाडी, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
अंजनेरीच्या अलीकडं रस्ता चढू लागला.
बोलता बोलता तिचा उजवा हात
मांडीवरून उठला, दांडीवर गेला,
आणि घट्ट बसला.

"ताई, काय करतेयस?" मेव्हणा.
तिनं हात पाहिला. काढला.
"काही नाही," म्हणाली,
आणि खिडकीबाहेर बघत राहिली
चढ संपेपर्यंत.

प्रणितचे दोन मिस्ड कॉल होते.