स्मरणिकेसाठी यादी

प्राचार्य म्हणाले, कॉलेजला पन्नास वर्षं होताहेत,
कबड्डीच्या चढाईपटूंची यादी द्या, डोंगरे,
कोणाचे किती गुण, एका पानात बसवा.
एका पानात. बरं.

जिमखान्याच्या खोलीत वह्या आहेत,
काहींना वाळवी लागली, बाकीच्यांना फक्त माझा हात.
गुणलेखकाचं टेबल म्हणजे तेव्हा
केमिस्ट्रीच्या लॅबमधलं आम्लानं डागलेलं स्टूल
आणि एक पेन्सिल, दातांत धरून धरून चावलेली.

पहिला गुणवंत निस्ताने, अठ्ठ्याहत्तर साल.
मैदान कुठलं, जिनिंगमागचं वखरलेलं वावर.
ढेकळं पोरांनीच फोडली.
एकशे चार गुण. बक्षीस, सरकीच्या ढेपेचं एक पोतं.
ते त्यानं म्हशीला घातलं,
पुढल्या वर्षी म्हैसच सामना पाहायला आली
असं लोक सांगतात. मी लिहीत नाही.

मग शालिक कुमरे, डोंगराकडचा.
दम इतका लांब की पंच घड्याळ कानाला लावून पाहायचा.
दुरून वाटे, कोणाच्या तरी विहिरीवर
इंजिन लागलंय.
एकशे एकोणसाठ. नंतर फॉरेस्टात लागला.

ब्याऐंशी ते चौऱ्याऐंशी पानंच नाहीत.
चिवडा बांधून नेला असेल कोणी.
त्या तीन वर्षांत जो कोणी मध्यरेषा ओलांडून गेला
तो अजून परत आलेला नाही.

सत्त्याऐंशी.
हंसराज भोंगाडे, दोनशे अकरा.
फळ्यावर हेच आहे, पिवळ्या ऑइलपेंटात.
खाली, फळ्यावर नसलेला,
यशवंत टेंभुर्णे, दोनशे दहा.

शेवटचा सामना. मार्चची वावधन सुटलेली,
फक्कीच्या रेषा उडून प्रेक्षकांच्या अंगावर.
यशवंतचा एक पाय बोनस रेषेपार टेकला,
दुसरा हवेत, बगळ्यासारखा.
पंचानं अंगठा वर केला. मी पाहिला.
वहीत टिंब ठेवलं नाही.

धूळ होती, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो, स्वतःलाच.
पण धूळ दोघांच्याही चढाईला सारखीच होती.
खरं इतकंच, की शेवटची एसटी गेली होती
आणि हंसराजच्या राजदूतवर मागची सीट रिकामी होती.
सामना आम्ही चौदा गुणांनी जिंकलो.
एकानं काय होतं?

यशवंत आता बाजार समितीत मापारी आहे.
त्याच्या काट्यावर कापूस
ना इकडं झुकतो, ना तिकडं.
मागच्या गुरुवारी भेटला, चहा त्यानंच पाजला.
म्हणाला, "एकच कमी पडला बाप्पा, नाई तं
माह्यं बी नाव राह्यलं असतं फळ्यावर."
आणि हसला. त्याच्या मनात काही नव्हतं.
माझी बशी हलली, थोडा चहा सांडला.

पुढची नावं भराभर उतरवतो.
जुबेर शेख, एकशे अठ्ठ्याण्णव, गुडघा गेला.
अतुल गावंडे, निळ्या मॅटवरचा पहिला,
बूट घालून खेळलेला.
पल्लवी उईके, दोनशे सदतीस.
मुलींची वही वेगळी, फळा नाहीच,
प्राचार्यांनी विचारलंही नाही. लिहितो.

पान भरलं. दुसरं घेतलं.
मग सत्त्याऐंशीची वही पुन्हा काढली,
त्या चढाईचा चौकोन बोटानं शोधला
आणि एक टिंब ठेवलं.
पेन्सिल मिळाली नाही, पेननंच.
जुन्या करड्या टिंबांमध्ये ते निळं
कोणाच्याही लक्षात येईल.
येऊ दे.