सकारात्मक संदेश, एक नग

पालिकेच्या व्हाउचरवर असंच लिहिलं होतं,
निळ्या शाईत, खाली माझी सही.
दीड हजार रुपये.
त्या वर्षी जत्रा नव्हत्या, म्हणून नाटकं नव्हती,
म्हणून पडद्यामागून ‘रसिकहो, थोड्याच वेळात’ म्हणणारी
मीही नव्हते.
डब्यात तांदूळ तळाला गेलेले. मी हो म्हटलं.

रेकॉर्डिंग अभियंत्याच्या केबिनमध्ये, पंखा बंद करून.
मशीनवरचा मुलगा म्हणाला, बाय, हसून बोल,
हसू दिसत नाही, पण ऐकू येतं.
चौथ्या खेपेला आलं ते.
ओठ ताणून धरले होते, दोरीवर चादर धरावी तसे.

घाबरू नका. सकारात्मक रहा.
सकाळी कोवळ्या उन्हात बसा. फळं खा.
एखादा छंद जोपासा.
घरात कुणी आजारी असेल तर त्याला
वेगळी खोली द्या, वेगळं न्हाणीघर द्या.
हे दिवसही जातील.

पोदेराचा भोंपू बंद होता तेव्हा म्हापशात.
त्याच्या वेळेला मी यायचे,
मिंगेलच्या रिक्षावरच्या कर्ण्यातून.
दत्तवाडीत लोक गॅलरीत येत, कुणी हात हलवी.
एकीने मेसेज केला: तुझा आवाज ऐकला
की दिवस बरा जातो गं,
आज तिसऱ्यांदा केक केला.
खोटं कशाला सांगू, मला आवडलं.

खोर्लीला, आमच्या मागच्या चाळीत, हुलिगेव्वा राहते.
कळंगुटच्या किनाऱ्यावर मण्यांच्या माळा विकायची.
किनारा बंद, माळा खिळ्याला.
यमनप्पाला ताप आला, मग फोनवर निकाल आला.
खोली एकच. तिने खडूने मधोमध रेघ मारली.
त्या बाजूला नवरा,
या बाजूला ती, तीन पोरं, स्टोव्ह, पाण्याची कळशी.
दार त्याच्या बाजूला गेलं,
हे रेघ मारून झाल्यावर लक्षात आलं.
ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा मारली.

सहा बिऱ्हाडांना एक संडास.
तिथे रेघ कुठून मारणार.

नळावर तिने मला विचारलं,
तोंडाला पदर, चार हात लांबून,
भांडायला नाही, पत्ता विचारावा तसं:
बाई, ती वेगळी खोली म्हणता ना रोज,
ती कुठं मिळते?
पालिकेत फॉर्म भरायचा का?

विचारते, म्हटलं.
विचारलं नाही.

धाकटी तिची तिसरीत, मराठी शाळेत.
सकारात्मक म्हणजे पॉझिटिव्ह ना?
हो.
अप्पा झाला, ती म्हणाली. मग आम्ही पण व्हायचं का?

एका सकाळी मी दारात उभी.
खालच्या वळणावरून माझाच आवाज चढत येतोय,
घाबरू नका, कोवळं ऊन, फळं, छंद,
घरात कुणी आजारी असेल तर त्याला
आणि तिथेच तुटला.
चाळीसमोरून रिक्षा नुसती फटफटत गेली,
पिठाच्या गिरणीपुढून, गटारावरच्या फरशीवरून,
थेट खुरसापर्यंत.
खुरसाच्या पलीकडे पुन्हा मी:
हे दिवसही जातील.

मिंगेल, काय झालं रे?
वायर लूज जाल्या गो, म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
रोज त्याच जागी लूज व्हायची. पंधरवडाभर.
दुरुस्त कर, असं मी त्याला म्हटलं नाही.

यमनप्पा उठला शेवटी.
हनुवटीची हाडं वर आलेली, लुंगी दोनदा गुंडाळलेली.
रेघ ओलांडून दारात येऊन बसला, उन्हाला.

आमच्या गल्लीत ऊन येतं साडेअकराला.
तेव्हा ते कोवळं नसतं.