ड्रिलची पेटी

हेलसिंकीत एका खोलीत आम्ही चौघं, फरशीवाले.
तावेतनं ड्रिलची रिकामी पेटी मागितली.
वाटलं, हातोड्या ठेवेल.

मदरबोर्ड बाथरूमच्या फरशीएवढा,
रॅम कुणाची तरी उतरलेली,
स्क्रीन मेलेल्या लॅपटॉपचा, झाकणाला चिकटवलेला.
ग्राफिक्स कार्ड साठ युरोंत, घासाघीस करून,
पंख्याचं एक पातं तुटकं.
महिनाभर बिअर बंद; तंबाखू माझ्यातली.

कार्ड दोन मिलिमीटर लांब निघालं.
तीन रात्री कानस, फुंकर, शिव्या.
पेटीची कड भुगा होऊन सांडली माझ्या चादरीवर,
तेव्हा कुठे बसलं.

शुक्रवारी तालिनच्या बोटीवर
लाट आली की त्याचा हात झाकणावर.
घरी मिर्ते, नऊ वर्षांची,
दोन दिवस गेममध्ये घर बांधते:
भिंती, जिना, कोंबड्यांना खुराडं.
जमीन तेवढी सोडते, मातीची.
रविवारी रात्री पेटी मिटते, घरासकट.

सोमवारी, दहा तास गुडघ्यांवर काढून आलेला माणूस
पलंगावर पेटी उघडतो
आणि तिच्या घरात फरशा बसवतो.
पंखा खरखरतो. आम्हाला झोप नाही.

"पुन्हा तेच?" मी.
तो वळलाही नाही.
"इथं सांधे भरायचे नसतात."